कोट उतरला तर वरात माघारी

धम्म घेतला तेव्हा आम्ही पंचांग घराबाहेर फेकलं. भटजीला सांगितलं, बाबा, तुझी दक्षिणा तुझ्याजवळ आणि आमची पोरं आमच्याजवळ. चांगलं झालं. लग्नाला मुहूर्त नको हेही ठरलं. आता मुहूर्त नको म्हणजे सकाळी सातला, गारव्यात, शहाण्या माणसासारखं लग्न लावून मोकळं व्हावं की नाही? पण आमचा बुधाजी शहाणा असता तर मला ही गोष्ट लिहावी लागली नसती.

बुधाजी बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात खलाशी. डोकं रुळाचं, म्हणजे लोखंडी आणि उन्हात तापणारं. पोराचं लग्न ठरल्यावर तो सरळ जोशाच्या ओट्यावर गेला आणि म्हणाला, "महाराज, या साली सगळ्यात खराब मुहूर्त कोणता हाय?"

जोशाला वाटलं, याला ऊन लागलं. तरी त्यानं पंचांग उघडलं. "वैशाखातली अवस," तो म्हणाला, "भर दुपारी बारा वाजता. त्या वेळेले मांजरीचंबी लग्न कोणी लावत नाई."

"झालं तं मंग," बुधाजी म्हणाला. "तोच पाह्यजे."

आणि ही अक्कल तो चाळभर सांगत फिरला. पाहा, आम्ही भीत नाही! कोणी त्याला म्हटलं नाही की बुधाजी, तू पंचांग सोडलं नाहीस, उलटं धरलंस फक्त. म्हणणार कोण? आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

पोराचं नाव श्रावण. बडनेऱ्यालाच पार्सल बाबू, मॅट्रिक पास. अकोल्याला जयंतीच्या मिरवणुकीत त्यानं पंचफुलाला पाहिलं आणि त्या दिवसापासून पार्सलं भलत्या गावी जाऊ लागली. मुंबईला निघालेली संत्री त्यानं नागपूरला परत पाठवली. पंचफुला बार्शीटाकळीची. तिचा बाप जानराव अकोल्यात कापसाच्या जिनात मुकादम. बुधाजीला शोभेल असाच व्याही. एक सुतळीबॉम्ब तर दुसरा काडेपेटी. सोयरीक दोनदा मोडली होती. एकदा बुधाजी म्हणाला, चहा थंड आहे. दुसऱ्यांदा जानराव म्हणाला, बडनेरा हे काही गाव नाही, ती गाडी बदलायची जागा आहे. तिसऱ्यांदा श्रावणच्या मायनं, सुंदराबाईनं, दोघांच्या पाया पडून जुळवली. जानरावानं तेव्हाच सांगून ठेवलं, "आता मोडली तं मोडली. वाशीमचा मास्तर तयार बसला हाय."

म्हणून गाडीत श्रावण आम्हा वरातीच्या लोकांना एकच गोष्ट परत परत सांगत होता. "तुम्ही जेवा, नाचा, काहीबी करा. पण बाबाले अन् सासऱ्याले एकमेकाशी बोलू देऊ नोका. मले ही पोरगी पाह्यजे."

आता कोटाबद्दल. आमच्या आज्याच्या काळी आमच्यातल्या माणसानं अंगभर कपडा घातला की पाटील थांबवून विचारायचा, कोणाच्या मढ्यावरचा आहे रे? आणि तो मढ्यावरचाच असायचा. म्हणून पोरगा सुटाबुटात उभा राहावा, गावानं तो डोळे फाडून पाहावा, ही बुधाजीची इच्छा. यात हसण्यासारखं काही नाही. जो हसेल त्याच्या तोंडात मारीन. हसण्यासारखं होतं ते कापड. अमरावतीच्या जुन्या बाजारात त्यानं लढाईतला एक लष्करी कोट उचलला. कुठल्या बर्फाच्या मुलखातल्या सोजिरासाठी शिवलेला, आत लोकर, बाहेर लोकर, मध्ये आणखी काहीतरी केसाळ. शिंप्यानं तो गुडघ्यापासून वर कापून आणला आणि रंगाऱ्यानं खाकीचा गर्द निळा केला. निळाच का, हे आमच्या माणसाला सांगावं लागत नाही. भिंतीला टांगला की भिंत गरम व्हायची.

सुंदराबाईनं त्याच्या चारी खिशांत एकेक कांदा घातला. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही म्हणे. पंचांग गेलं, कांदा राहिला.

अकोल्याला उतरून छोट्या गाडीनं आम्ही बार्शीटाकळीला आलो. डब्याचं लोखंड असं तापलेलं की बसलेला माणूस उभा राहत होता आणि उभा राहिलेला नाचत होता. स्टेशनवरून बौद्धपुऱ्यात पोचेपर्यंत वाजंत्रीवाल्याची सनई वितळल्यासारखी वाजू लागली. मांडव कडुनिंबाच्या डहाळ्यांचा. त्याची पानं सकाळच्या झळांनी वाळून उडून गेलेली, वर नुसत्या काड्या. मांडवात सावली नव्हती, सावलीचा नकाशा होता.

जानराव सामोरा आला. आम्ही दोघांच्या मध्ये घुसायला धावलो, पण उशीर झाला.

"या इवाई," जानराव म्हणाला. "ऊन लागलं नाई ना? आमच्या अकोल्याचं ऊन जरा जास्त असते. तुमच्या तिकडे थंड हाय म्हणते."

"थंड?" बुधाजी जागीच थांबला. "आमच्या यार्डात रूळ वाकते उन्हानं. इंजिन सावली शोधते."

"असंन. आमच्या इथी कोंबडी उकडलेलं अंडं देते."

"आमी तं त्याले हिवाळा म्हणतो!"

"मंग पोराच्या कपायावर घाम काहून आला, बाप्पा?"

सगळ्यांनी श्रावणकडे पाहिलं. घाम कपाळावर आला नव्हता. कपाळ घामात आलं होतं.

"कोट काढू द्या त्याले," जानराव म्हणाला, आणि हा शब्द त्यानं मुद्दाम मऊ केला. "नाजूक असतात अमरावतीकडची पोट्टी."

झालं. बुधाजीनं टोपी काढली, जमिनीवर आपटली आणि साऱ्या मांडवासमोर बोलला, "ऐका बे सारे! लग्न लागायच्या आत माह्या पोराच्या आंगावरून हा कोट उतरला, तं वरात माघारी नेईन. अन् पुन्हा या गावाचं पाणी पिणार नाई!"

"अन् मी वाशीमले तार करीन!" जानराव म्हणाला.

श्रावणनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

पाण्याचं मात्र बुधाजी चुकीचं बोलला, कारण गावाचं पाणी आम्ही तोपर्यंत संपवलं होतं. बौद्धपुऱ्याची विहीर चैत्रातच आटलेली. बायांनी नदीच्या पात्रात खड्डे खोदून, वाटीवाटीनं उपसून तीन रांजण भरले होते. समोरून आमची माणसं छाती काढून म्हणत होती, पाणी नको, आमाले सवय हाय. आणि मांडवामागून एकेक जण जाऊन गडवा तोंडाला लावत होता. अर्ध्या तासात तिन्ही रांजण टणटण वाजायला लागले.

बारा वाजले. लग्न लागलं असतं तर दहा मिनिटांत सुटलो असतो. त्रिशरण, पंचशील, दोन हार, फुलं टाका, पंगत बसवा. इतकं साधं, इतकं सुंदर लग्न आम्हाला मिळालं आहे. पण आमच्या लोकांना एक रोग आहे. चार डोकी दिसली की 'दोन शब्द' बोलल्याशिवाय राहवत नाही. आधीच्या पिढ्यांचं तोंड दाबलेलं होतं हे मला कबूल आहे. पण म्हणून सगळ्या पिढ्यांचं एकाच लग्नात बोलून घ्यायचं?

लग्न लावायला रामराव मास्तर होते. ते अंधश्रद्धेवर बोलले. मग अकोल्याहून आलेले एक कार्यकर्ते रामराव मास्तर काय बोलले त्यावर बोलले. मग गावचे एक म्हातारे, ज्यांना ऐकू येत नव्हतं, ते उभे राहिले आणि त्यांना बसा म्हटलेलं ऐकू आलं नाही.

श्रावण मधोमध उभा. आधी तो लाल झाला, मग जांभळा. मग कोटाच्या कॉलरमधून वाफ निघायला लागली, आणि वाफेला शिजलेल्या कांद्याचा वास. पुढच्या रांगेतलं एक लेकरू म्हणालं, "माय, भाजी झाली." शेजारी पांढऱ्या लुगड्यात पंचफुला उभी होती. तिनं मान न वळवता हळूच विचारलं, "काय हो, जिते हा ना?"

"हाव," श्रावण म्हणाला.

"किती येळ?"

"मास्तर बसले तं राहीन."

मास्तर बसले नव्हते. मास्तर पुन्हा उभे राहिले होते. 'शेवटचा मुद्दा' म्हणाले, आणि तेवढ्यात श्रावण तुळई पडावी तसा आडवा झाला.

गोंधळ! गोदाबाई नावाची जानरावाची म्हातारी बहीण ओरडली, "अप..." आणि मग तिला आठवलं की शकुन-अपशकुन आता आपल्यात नसतात. ती तोंड उघडं ठेवूनच खाली बसली. सुंदराबाई धावली. "काढा तो कोट! जाळा तो कोट! पोरगं मारता का?"

आम्ही गुंड्यांना हात घातला.

"काढा," बुधाजी म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, पण मान ताठ. "काढा, अन् परतीची गाडी किती वाजता हाय ते पाहा."

"काढा, काढा," जानराव म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता, पण जीभ कोणाच्या बापाची? "वाशीमचा जवाई सदऱ्यावरबी चालते मले."

हे असे बाप. पोरगं डोळ्यांसमोर भाजून निघालंय आणि यांना आपला शब्द प्यारा. बरं, तो शब्द तरी कशाचा? कोणाचं ऊन जास्त, याचा! ज्या उन्हानं दोघांच्या पाठी सोलून काढल्या, त्या उन्हाचीच यांना मालकी पाहिजे. जमीन नाही मिळाली, तर ऊन तरी आमचं.

पंचफुलानं हातातला हार गोदाबाईच्या मांडीवर ठेवला आणि पदर खोचला.

"बाबा," ती जानरावाला म्हणाली, "उन्हाया आला का आपण माठाले ओली गोणी काहून गुंडाळतो?"

"आं? पाणी गार राह्याले. आता हे काहून?"

"मंग या माणसाले गोणी गुंडाळलीच हाय की तुम्ही सगळ्यायनं. आता वली करा." ती बुधाजीकडे वळली. "मामाजी, कोट उतरला नाई पाह्यजे असंच म्हणले ना तुम्ही? कोरडा राह्यला पाह्यजे असं तं नाई म्हणले?"

बुधाजीनं आपटलेली टोपी उचलली. "नाई," तो म्हणाला. "तसं नाई म्हणलो."

"मंग पाणी कुठी हाय?"

सगळ्यांनी आमच्याकडे, म्हणजे वरातीकडे पाहिलं. आम्ही रांजणांकडे पाहिलं. मग पंचफुलानं काट्यांच्या कुंपणापलीकडे पाहिलं.

पलीकडे गावच्या पाटलाचं, खुशालरावांचं वावर. बारा महिने पाणी असलेली विहीर, आणि तिच्याजवळ बैलांना पाणी प्यायचा दगडी हौद, काठोकाठ भरलेला. त्या हौदात बैल तोंड घालायचे, म्हशी घालायच्या, खुशालरावांचं खरजुलं कुत्रं आंघोळ करायचं. आमच्या बाया मात्र उन्हाळाभर कुंपणाशी घागर ठेवून, गड्यानं वरून ओतलं तर पाणी घ्यायच्या. कायदा झाला होता. छापून आला होता. कुंपण अजून तिथेच होतं.

"उचला," पंचफुला म्हणाली.

आम्ही चौघांनी नवरदेव उचलला. कुंपणाला खिंडार पडलं, कोणी पाडलं ते मी सांगणार नाही. पुढे पंचफुला, मागे नवरदेव, त्यामागे दोन बाप भांडत, आणि सनईवाला सवयीनं वाजवत. हौदाशी आलो आणि श्रावणला कोटासकट आत सोडलं. तव्यावर पाणी टाकल्यासारखा आवाज झाला. खोटं वाटलं तर वाटू द्या.

एक-दोन क्षण काहीच नाही. मग चार कांदे वर आले, मग श्रावण वर आला.

"लागलं?" त्यानं डोळे उघडून विचारलं.

"काय, डोक्याले?"

"लग्न."

"नाई," पंचफुला म्हणाली. "मास्तरचा शेवटचा मुद्दा रायला हाय."

पण ओली लोकर बाहेर वाऱ्याला लागली आणि श्रावणच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली, ती मी मोठमोठ्या मूर्तींच्या तोंडावर पाहिली आहे. झळ यायची, ओल्या कोटाला लागायची आणि गार होऊन निघून जायची. साहेबाच्या बंगल्यावरची वाळ्याची ताटीसुद्धा इतकी गार नसेल.

तेवढ्यात खुशालराव आले. डोक्यावर ओला पंचा, पंच्यावर छत्री, छत्रीखाली ते. दूरवरून ओरडत. "हौद बाटवला! अरे, माह्या बैलायचा हौद बाटवला! काढा त्याले बाहेर!"

"बाहेर काढला तं मरते तो, पाटील," सुंदराबाई म्हणाली.

"त्याच्या घरी जाऊन मर म्हणा! ह्या पाण्याले आता माहे बैल तोंड लावतीन का?"

रामराव मास्तर पुढे झाले. "पाटीलसाहेब, पंचावन सालच्या कायद्याच्या अन्वये..."

"कायदा अकोल्यात ठेव. हे माहं वावर हाय. अन् हे पाणी..." खुशालरावांनी हौदात पाहिलं. "हे पाणी निळं काहून झालं बे?"

झालं होतं खरं. रंगाऱ्यानं पैसे घेतले, रंग पक्का घातला नाही. कोटाचा रंग चहूबाजूंनी सुटत होता. पाणी निळं, श्रावणचा गळा निळा, कांदेही निळे.

"आमचं पाणी असंच असते," कोणीतरी मागून म्हणालं. वरातीत एकच हशा झाला आणि खुशालराव भडकले. "गड्याले बोलावतो! फरफटत काढतो याले!"

श्रावण उठायला लागला. तो भित्रा नव्हता, पण आपल्यापायी मारामारी नको असं त्याला वाटलं असावं. पंचफुलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत पाण्यात दाबलं. "बसा. उठले तं सुकसान. सुकले तं पडसान. पडले तं वाशीम."

श्रावण बसला.

गडी आला, पण एकटा नाही. दुपारची मोट सुटली होती आणि त्याच्या मागे बैल येत होते. पुढचा बैल खुशालरावांचा लाडका, पोळ्याला पहिला मान मिळवणारा, बर्फासारखा पांढरा. सकाळपासून मोट ओढून तो तापलेला. त्याला ना बाट माहीत, ना वावराचा उतारा. तो सरळ चालत आला, खुशालरावांना छत्रीसकट बाजूला सारलं, श्रावणच्या काखेजवळून तोंड घातलं आणि भसाभसा पाणी प्यायला लागला.

"हट! हट रे!" खुशालराव शेपटी ओढत होते. "तू नोको पिऊ! हट!"

बैल प्याला. दम घेतला, पुन्हा प्याला. एक कांदा खाल्ला.

"मास्तर," पंचफुला म्हणाली, "बैल पिऊन रायला तवरिक आटपा."

आणि मी रामराव मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं कमी बोलताना ऐकलं. बारानंतरच्या भर उन्हात, पाटलाच्या हौदाकाठी, सारी वरात हात जोडून उभी राहिली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. नवरदेव छातीपर्यंत पाण्यात, त्याच्या बगलेत बैल. खुशालराव शेपटीशी. शेपटी सोडावी तर बैल पितो, धरावी तर लग्नात उभं राहिल्यासारखं दिसतं. शेवटी त्यांनी धरून ठेवली.

गोदाबाईनं हार आणून दिला. पंचफुला वाकली आणि तिनं तो श्रावणच्या गळ्यात घातला. बैलानं लगेच तोंड वळवून तो खाल्ला.

"लागलं का पण मंग?" जानरावानं विचारलं. तो आता कुरकुरत नव्हता, घाबरला होता. "हार तं खाल्ला."

"पडला होता गळ्यात," मास्तर म्हणाले. "मी पाह्यलं. खाल्ला नंतर."

श्रावणनं पाण्यातूनच हात वर करून गोदाबाईनं दिलेला दुसरा हार तिच्या गळ्यात घातला. तिचं पांढरं लुगडं खांद्यापासून निळं झालं. आम्ही फुलं टाकली. सगळी बैलाच्या पाठीवर पडली.

"कोट?" बुधाजीनं जानरावाला विचारलं.

"आंगावर हाय," जानराव म्हणाला. "पाह्यला मी."

बैल तृप्त झाला, त्यानं मान वर केली, आणि त्याचं तोंड डोळ्यांपर्यंत निळंशार. खुशालराव त्याला घेऊन गावातून गेले तेव्हा वेशीपासून वाड्यापर्यंत दारं उघडत गेली. मला नंतर कळलं, त्यांनी त्याला रिठ्यानं धुतलं, राखेनं घासलं, गोमूत्र शिंपडलं. रंग गेला नाही. आमच्या वस्तीसमोरून तो बैल जायला लागला की पोरं उभी राहून त्याला जयभीम घालायची, आणि बैल मान हलवायचा. खुशालरावांनी कुंपण पुन्हा उंच केलं. त्यांचं मन बदललं वगैरे काही झालं नाही; ज्यांना तशी गोष्ट हवी असेल त्यांनी दुसरीकडे वाचावी.

हौदाकाठी आता आम्हीच उरलो. बुधाजी पोराजवळ बसला, रडला आणि म्हणाला, "झालं बापा. काढ आता कोट."

"नाई काढत," श्रावण म्हणाला.

"काहून?"

"बाबा, या साऱ्या वऱ्हाडात या घडीले एकच माणूस गार हाय. तो मी हावो."

त्यानं हे म्हटलं आणि सगळ्यांचं लक्ष कोटाकडे वळलं. टपटप पाणी गळत होतं. वारा त्याला लागून येत होता. आमच्या अंगावर मात्र सदरे चिकटलेले, टाळू भाजून निघालेले.

जानराव घसा खाकरून पुढे आला. "जवाईबापू, जरा... उलीसा वेळ मले घालू देसान का?"

"पयले मी!" बुधाजी उठला. "कोट माहा हाय!"

"पण हौद आमच्या गावचा हाय!"

"तू तं म्हणे उन्हाचा राजा! कोंबडी उकडलेलं अंडं देते तुह्यावाली!"

"अन् तुह्या इंजिनाले सावली पाह्यजे ना? मंग तूबी जाय सावलीत!"

दोघांनी एकेक बाही धरली. आत श्रावण. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा पंचफुलानं गुंड्या सोडल्या होत्या. ओल्या लोकरीत त्या अडकल्या, तेव्हा तिनं दातानं तोडल्या. कोट तिनं श्रावणच्या अंगावरून उतरवला. दोन्ही बाप हात पुढे करून उभे. तिनं तो पुन्हा हौदात बुडवला, झटकला आणि निळ्या-पांढऱ्या लुगड्यावर स्वतः चढवला. तिच्या गुडघ्यांच्याही खाली आला.

"चला," ती म्हणाली. "पंगत बसवा."

जेवणं झाली. संध्याकाळच्या गाडीला निघालो तरी रस्ता चटके देतच होता. पुढे पंचफुला, पाणी गाळत, मागे तिची निळी ओळ फुफाट्यात उमटत. तिच्यामागे बनियनवर श्रावण, आणि दोन्ही बाजूंनी दोन्ही बाप, "बाई, आता तरी... पुलापर्यंतच घालतो," "पोरी, मी तुहा बाप हावो..."

स्टेशन येईपर्यंत तिनं तो कोणालाच दिला नाही. नवऱ्याला एकदा विचारलं, घालता का म्हणून. तो म्हणाला, राहू दे, तुले चांगला दिसते.